नांव शोधण्याची सोय

संगणकाची आज्ञावली लिहिण्याचा अभ्यास आतां शाळांतूनही होऊं लागला आहे. त्यांतील एका लहानशा गोष्टीकडे आम्ही विद्यार्थ्यांचें व पालकांचें लक्ष वेधूं इच्छितों. आज्ञावलींत ज्यास ‘वर्ग’ म्हणतात तो शाळेंतील वर्ग नव्हे. तो एका जातीच्या वस्तूंचा सांचा होय. मोठ्या कामांत असे सांचे हजारोंनीं असतात आणि हवा तो नांवावरूनच हुडकावा लागतो. इतकीं नांवें संपूर्ण कोणाच्या लक्षांत राहणार?

जावा भाषेंत ‘नलपॉइंटरएक्सेप्शन’ असें एक सामासिक नांव आहे. त्यांतील प्रत्येक पदाचें रोमन आद्याक्षर मोठें लिहितात. म्हणून एक्लिप्ससारख्या संपादकांत केवळ ‘एनपीई’ हीं तीन अक्षरें लिहिलीं तरी तें नांव पुढें येतें. सोय उत्तम खरी; परंतु देवनागरींत मोठें व लहान अक्षर हा भेदच नाहीं. जावा व पायथन या भाषांत वर्गास मराठी नांव देतां येतें, पण शोधतांना ही युक्ति तेथें लागू पडत नाहीं.

याहून मोठी अडचण लेखनभेदाची. आपल्या शहराचेंच नांव घ्या. कोणी ‘नाशिक’ लिहितो, कोणी ‘नासिक’. एक लिहून शोधणारास दुसरें सांपडत नाहीं. ‘दुसऱ्या’ हा शब्द तर डोळ्यांस एकच दिसतो. पण त्यांतील अर्धा र संगणकांत दोन तऱ्हांनीं सांठवितां येतो. केवळ खुणेस खूण जुळविणारा शोध अशा वेळीं ‘असें कांहीं नाहीं’ म्हणून मोकळा होतो!

कोणी म्हणतील, शुद्ध लिहावें म्हणजे झालें. शुद्धलेखनाचा आग्रह आम्हांसही मान्य आहे. परंतु शोध ही परीक्षा नव्हे. आपल्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा सन १८४० पासूनची आहे. अशा ठिकाणीं कुसुमाग्रजांचें पुस्तक मागणारास ‘शिरवाडकर म्हणा, मग देतों’ असें कोणता ग्रंथपाल म्हणेल? दोन्ही नांवें एकाच कवीचीं हें जाणून तो पुस्तक हातीं देतो.

संपादकानेंही असेंच वागावें. तंतोतंत जुळणारें नांव प्रथम दाखवावें. मग त्याच अक्षरांनीं आरंभ होणारीं. नंतर पदांच्या आद्याक्षरांनीं जुळणारीं. आणि शेवटीं ऱ्हस्वदीर्घ व श-स यांचा भेद सोडून जुळणारीं. हा क्रम मोडला तर उदारपणाचा गोंधळ होईल आणि हवें तें नांव ढिगाखालीं दडेल. नांव दाखवितांना मात्र मूळ लेखन जसेंच्या तसें दाखवावें, म्हणजे चुकलेल्यास तें आपोआप कळेल.

हें काम परदेशस्थांनीं करून द्यावें अशी वाट पाहणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. नाशिक आणि नासिक एकच, हें त्यांना कोण सांगणार? एक्लिप्सची मूळ आज्ञावली सर्वांस वाचावयास व सुधारावयास खुली आहे. आपल्या मुलामुलींनीं ती उघडून पाहण्याचें धैर्य मात्र केलें पाहिजे.