दहाच्या आतले

राज्यातल्या कोणत्याही शहरात सात-आठ माणसे घेऊन वायरिंग, प्लंबिंग, रंगकाम किंवा फॅब्रिकेशनची कामे करणाऱ्या ठेकेदाराला विचारा, माणूस आजारी पडला तर काय करता? उत्तर एकच मिळते: ‘उचल देतो.’ डेंग्यूने माणूस आडवा झाला आणि दवाखान्याच्या काउंटरवर पंधरा-वीस हजारांचे डिपॉझिट मागितले की घरच्यांचा पहिला फोन शेटला जातो. शेटकडे असेल तर तो देतो. नसेल तर ज्याची साइट चालू आहे त्याच्याकडे रनिंग बिलातले थोडे सोडा म्हणून विनवण्या करतो. रक्कम वहीत त्या माणसाच्या नावापुढे चढते आणि पुढचे कित्येक महिने आठवड्याच्या पगारातून कापली जाते. ती फिटायच्या आत घरातले दुसरे कोणी आजारी पडले तर आकडा पुन्हा वर जातो. माणूस बरा होतो, पण त्या ठेकेदाराकडे अडकून पडतो. एखादा न सांगता गावी निघून गेला, तर ठेकेदाराचे पैसे बुडतात. छोट्या ठेकेदारीत आरोग्य विम्याचे काम आज ही उचलीची वही करते आहे. ते तिचे काम नव्हे. ते तिच्याकडून काढून घेता येईल इतके कायदे आणि इतका पैसा महाराष्ट्रात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या ठेकेदाराकडे विम्याचा एकही कागद नसतो, असे नाही. महापालिकेचे किंवा कंपनीचे काम घेतले की ‘डब्ल्यूसी पॉलिसी’ दाखवल्याशिवाय बिल निघत नाही, म्हणून ती तो काढतोच. कामावर अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, ही जबाबदारी 1923 च्या कायद्यापासून चालत आली आहे आणि तिला माणसांच्या संख्येची अट नाही. पण ती पॉलिसी परांचीवरून पडलेल्या माणसासाठी असते. कावीळ, टायफॉइड, मुतखडा, बायकोचे बाळंतपण, पोराचे अपेंडिक्स यांच्याशी तिचा संबंध नाही. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही अपघातापुरतीच. अपघात कधी तरी होतो, ताप दर पावसाळ्यात येतो. आणि नेमका तापच कोणाच्या जबाबदारीचा नाही.

वास्तविक याचे उत्तर देशाने फार पूर्वी शोधले होते. दुसरे महायुद्ध चालू होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम आले. त्यांचा अहवाल 1944 मध्ये आला, त्यातून 1948 चा कायदा झाला आणि राज्य कामगार विमा योजना, म्हणजे सगळे जिला ईएसआय म्हणतात ती, उभी राहिली. आजही छोट्या ठेकेदाराच्या कामगाराला यापेक्षा चांगला विमा बाजारात मिळत नाही. हिशेब साधा आहे. दिवसाला 600 रुपये हजेरीचा बिगारी महिन्यात 26 दिवस भरला तर त्याचे 15,600 रुपये होतात. त्यावर मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे 507 रुपये. कामगाराचा पाऊण टक्का, म्हणजे 117 रुपये. महिन्याच्या या 624 रुपयांत तो, त्याची बायको, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांच्या उपचाराची सोय होते. खर्चाला ठरावीक लाखांची कमाल मर्यादा नाही, आणि आधीपासून मधुमेह आहे म्हणून कोणी बाहेर काढत नाही.

शिवाय एक गोष्ट अशी मिळते जी कोणत्याही मेडिक्लेममध्ये नसते: बुडालेला पगार. ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम कामगाराला मिळते. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या लांबलेल्या आजारांत त्याहून अधिक काळ मिळते. हजेरीवर जगणाऱ्या घराला दवाखान्याच्या बिलाइतकाच घरी बसलेल्या दिवसांचा फटका बसतो. ऑपरेशन फुकट झाले तरी त्यानंतरचा दीड महिना किराणा कशातून आणायचा, याचे उत्तर ईएसआय सोडून कुठल्याच योजनेत नाही.

मग हे सगळे ठेकेदार तिकडे का जात नाहीत? कारण कायद्याने दहाची रेघ मारली आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तरच योजना सक्तीची. आणि एकदा लागू झालेली योजना पुढे माणसे कमी झाली तरी सुटत नाही. ठेकेदाराकडे मार्चमध्ये पंधरा माणसे असतात आणि जुलैत चार. पावसाळ्यात काम नसताना दर महिन्याला चलन, उशीर झाला तर व्याज, वर तपासणीची भीती, याचा विचार करून तो मस्टरवर नऊच नावे ठेवतो आणि बाकीच्यांना नाक्यावरची रोजंदारी म्हणून दाखवतो. हे चुकीचे आहे. पण नऊ आणि दहा यांच्यामध्ये एवढी उंच पायरी बांधणारा कायदाही या चुकीत सहभागी आहे. दुसरी पायरी पगाराची. जानेवारी 2017 मध्ये ठरलेली 21,000 रुपयांची मर्यादा अशी आहे की 600 रुपये हजेरीचा बिगारी आत बसतो आणि त्याच्या शेजारी त्याच भिंतीवर काम करणारा 900 रुपयांचा मिस्त्री महिन्याला 23,400 होतात म्हणून बाहेर राहतो. हा मिस्त्री श्रीमंत नव्हे. पाच दिवसांच्या एका आयसीयूने त्याच्या घरातले सोने मोडते.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने एक दार उघडले आहे. मालक आणि बहुसंख्य कामगार यांनी संमती दिली तर दहाच्या आतल्या आस्थापनेलाही आता स्वेच्छेने ईएसआयमध्ये येता येते. ठरावीक जिल्ह्यांपुरती असलेली योजनेची हद्दही देशभर वाढवली आहे. ही तरतूद चांगली आहे. मात्र स्वेच्छेने येणाऱ्याला कामाच्या हंगामापुरते येण्याची, काम नसलेल्या महिन्यांत शून्य चलन भरून थांबण्याची आणि दंडाच्या भीतीविना परत येण्याची मुभा नसेल, तर ती कागदावरच राहील. कामगाराचा विमा क्रमांक ठेकेदार बदलला तरी तोच राहतो, हे या योजनेचे खरे बलस्थान आहे. आज कोथरूडला, उद्या वाकडला आणि दिवाळीनंतर हिंजवडीला काम करणाऱ्या माणसाला असाच विमा लागतो. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या कामगाराचे कुटुंब गावी राहत असेल, तर त्या कुटुंबालाही तिथे उपचार मिळण्याची सोय यात आहे. पण ही सोय आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

ईएसआयबद्दल लिहिताना तिच्या रुग्णालयांबद्दल लिहिणे टाळता येत नाही. 17 डिसेंबर 2018 ला अंधेरीच्या कामगार रुग्णालयात आग लागली, रुग्ण आणि नातेवाईक दगावले आणि त्यानंतर ते रुग्णालय वर्षानुवर्षे बंद राहिले. त्या भागातल्या लाखो कामगारांची वर्गणी मात्र एक महिनाही थांबली नाही. औषध नाही, तज्ज्ञ आज येत नाहीत, अमुक कागद आणा, या तीन वाक्यांनी कामगार वैतागून खासगी दवाखान्यात जातो आणि मग ठेकेदार विचारतो, मी भरतो कशाला? हा प्रश्न रास्त आहे. योजना केंद्राच्या महामंडळाची आणि दवाखाने बहुतांशी राज्याच्या हातात, या दुहेरी कारभारात कोणालाच जाब विचारता येत नाही. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी सातपूर, चिंचवड, मुलुंड, सोलापूर इथल्या कामगार रुग्णालयांत एक-एक दिवस बाह्यरुग्ण विभागात बसावे. त्या रांगेत बसून जे कळेल ते कोणत्याही आढावा बैठकीत कळणार नाही.

बाजारातला दुसरा पर्याय गट विम्याचा. त्यात आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळू शकते, बाळंतपणही घेता येते आणि बहुधा मालकाचे नावही घालता येते. पण अनेक कंपन्या साधारण सात जणांच्या आत गट मानत नाहीत. त्याहून खटकणारी गोष्ट कराची आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा सर्वत्र स्वागत झाले, आम्हीही केले. गट विम्यावरचा 18 टक्के कर मात्र तसाच राहिला. परिणाम असा की स्वतःच्या कुटुंबासाठी पॉलिसी घेणाऱ्या सुस्थितीतल्या माणसाला कर नाही, आणि आठ कामगारांसाठी एक लाखाचा हप्ता भरणाऱ्या ठेकेदाराला वर 18,000 रुपये मोजावे लागतात. मोठ्या कंपनीला हा भार पेलतो. छोट्या ठेकेदाराकडून मात्र कामगाराचा विमा काढण्याबद्दल दंड वसूल केल्यासारखे होते. निदान वीस माणसांपर्यंतच्या आस्थापनांचा गट विमा करमुक्त करावा, ही मागणी राज्याने जीएसटी परिषदेत लावून धरली पाहिजे.

आणि खुद्द ठेकेदाराचे काय? तो मालक म्हणून ईएसआयच्या बाहेर. पण दहाच्या आतला मालक केबिनमध्ये बसत नाही. तो स्वतः शिडीवर असतो, थिनरचा तोच वास घेतो, कामगारांबरोबर साइटवरचे तेच पाणी पितो. चाळिशीत शुगर आणि बीपी लागले की तो पॉलिसीची चौकशी करतो, तेव्हा आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा सांगितली जाते. मग एजंटच्या सल्ल्याने शुगर लपवली जाते, आणि पहिल्याच मोठ्या क्लेमला ती उघडी पडते. इथे आम्ही ठेकेदार वाचकांना कळकळीने सांगतो: फॉर्मवर सगळे खरे लिहा, जास्तीचा हप्ता भरा, पण लवकर सुरुवात करा. पाच वर्षे पॉलिसी सलग चालली की फसवणुकीचा मुद्दा सोडून कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही. सरकारला आमचे सांगणे वेगळे आहे. कामगारांना ईएसआयमध्ये घालणाऱ्या दहाच्या आतल्या मालकाला, दोन्ही वाटे स्वतः भरण्याच्या अटीवर, त्याच योजनेत प्रवेश द्या. ज्या दवाखान्यात स्वतःला जायचे आहे, त्या दवाखान्याची वर्गणी माणूस वेळेवर भरतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देते, आणि मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिचा फार मोठा आधार आहे. पण ती ठरलेल्या उपचारांच्या यादीपुरती आणि नोंदलेल्या रुग्णालयांपुरती आहे. रोजच्या ओपीडीला तिचा उपयोग नाही, बुडालेल्या हजेरीला नाही.

आता पैशाचा प्रश्न. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर 1996 च्या कायद्यापासून घेतला जातो आणि तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. एक कोटीच्या इमारतीवर एक लाख रुपये. त्या कोटीत मजुरीचा वाटा चौथाई धरला, तर मजुरी 25 लाख होते आणि तिच्यावरची ईएसआयची पूर्ण चार टक्के वर्गणीही नेमकी एक लाखच भरते. म्हणजे त्या इमारतीवरच्या प्रत्येक माणसाच्या, त्याच्या घरच्यांच्या उपचाराचा पैसा पायाभरणीच्या वेळीच जमा झालेला असतो. तो जातो कुठे? 19 मार्च 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या मंडळांकडे पडून राहिलेल्या रकमेबद्दल आणि तिच्यातून लॅपटॉप, वॉशिंग मशीन घेतल्याबद्दल कठोर शब्द वापरले होते. महाराष्ट्रात मंडळाने भांड्यांचे संच वाटले. ज्यांना ते मिळाले त्यांच्या घरी ते उपयोगी पडले असतील, पण कुकरने डायलिसिस होत नाही. मंडळाकडून गंभीर आजाराला मदत मिळते ती उपचार झाल्यावर, अर्ज करून, आणि तीही नोंदणी जिवंत असेल तर. नोंदणीसाठी 90 दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो द्यायला ठेकेदार कचरतो, कारण सही केली की मस्टरवरची माणसे उघड होतात. त्या फटीत दलाल शिरतात. कायद्याने कामगारांच्या गट विम्याचा हप्ता भरण्याचा अधिकार मंडळाला दिलेला आहे. तो वापरून बांधकामावरच्या नोंदीत कामगाराची ईएसआय वर्गणी मंडळानेच भरावी. मग दाखल्यावर सही करण्यात ठेकेदाराचे नुकसान राहणार नाही, फायदाच होईल.

बांधकामाबाहेरच्या ठेकेदारांना, म्हणजे साफसफाई, देखभाल, यंत्रदुरुस्ती करणाऱ्यांना, उपकराचा हा आधार नाही. त्यांच्यासाठी काम देणाऱ्यानेच खर्च उचलला पाहिजे. अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने निविदा भरण्याच्या चढाओढीत पहिली कात्री कामगारांवरच्या खर्चाला लागते. दर पाडून काम मिळवणारा जिंकतो आणि विमा काढणारा मागे पडतो. म्हणून महापालिका, जिल्हा परिषदा आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या निविदांत कामगारांच्या आरोग्य विम्याची वेगळी बाब ठेवावी, तिच्यावर दराची स्पर्धा नसावी, आणि भरलेल्या चलनाची प्रत जोडली की ती रक्कम बिलाबरोबर जशीच्या तशी परत मिळावी. गृहनिर्माण संस्थांनीही इमारतीच्या रंगकामाची कोटेशने मागवताना हीच बाब लिहायला सांगावी आणि सर्वसाधारण सभेत सर्वांत स्वस्त कोटेशन मंजूर करण्यापूर्वी तिथला आकडा वाचावा. यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. येत्या आर्थिक वर्षाच्या निविदांपासून ते करता येते.