प्रयोग त्यांचा, खिसा आपला

क्राफ्ट बिअर एवढी महाग का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "सर, हा एक्सपेरिमेंटल बॅच आहे." म्हणजे प्रयोग म्हटला की भाव विचारायचा नाही. मी विचारणार. आणि देवळाली कॅम्पच्या माणसाला तो हक्क इतरांपेक्षा काकणभर जास्तच आहे.

कसा, ते सांगतो. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात. तो शब्द आपल्या देवळालीचा. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथल्या छावणीत महिनोन्महिने पडून असायचे. काम नाही, वर ऊन आणि आजारपण. एखाद्याचं बिनसलं की म्हणायचे, 'डूलाली टॅप' झाला. टॅप म्हणजे आपला ताप! पुण्यात २००९ साली मायक्रोब्रुअरी निघाली, तिचं नावही डूलाली. आज राज्यात क्राफ्ट बिअर म्हटलं की हे नाव निघतंच. नाव आपल्या गावाचं, तर भावाबद्दल दोन शब्द बोलायला काय हरकत आहे?

आधी बनवणाऱ्याची बाजू. मोठ्या कारखान्याची एक टाकी उतरते त्यात यांच्या कितीतरी टाक्या मावतील. माल थोडा, म्हणून लिटरमागे खर्च जास्त. चांगले हॉप्स बहुतेक परदेशातून येतात. जागेचं भाडं आहेच. वर सरकार. बारमध्ये बसून पिण्यावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांचा १० टक्के झाला. बाटलीच्या किमतीत कर किती असतो हे कॅम्पात कुणाला शिकवायला नको. मिलिटरी कँटीनचा भाव आणि बाहेरच्या दुकानाचा भाव शेजारी ठेवा, समजतं. तेव्हा साधी, ताजी, नीट बनवलेली गव्हाची बिअर दुप्पट भावाने विकली तरी माझी तक्रार नाही.

तक्रार 'प्रयोग' या शब्दाची आहे.

खरा प्रयोग वेळ खातो. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपास लँबिक नावाची आंबट बिअर बनते. हवेतल्या यीस्टवर आंबवतात आणि लाकडी पिंपात वर्ष-वर्ष, कधी तीन वर्षं ठेवतात. एखादं पिंप बिघडलं तर नुकसान बनवणाऱ्याचं. त्या बिअरचा भाव मला पटतो, कारण भावात वेळ आहे आणि जोखीम आहे. आपल्याकडे काय चालतं? एक-दोन दिवसांत आंबट करता येणारी बिअर, वर फळाचा गर नाहीतर सिरप, आणि बोर्डावर 'लिमिटेड'. बिअर बिघडली तरी आंबट होते, मुद्दाम केली तरी आंबट होते. गिऱ्हाईकाने ओळखायचं कसं? साध्या लागरमध्ये चूक लपत नाही. लोण्यासारखा वास आला तर बहुधा टाकीतून घाईने काढलीय. मिरची, कॉफी, आंबा घातला की सगळं झाकलं जातं. म्हणून माझा साधा नियम आहे. ज्याला साधी बिअर जमत नाही, त्याच्या प्रयोगाला पैसे द्यायचे नाहीत.

मागे पुण्यात एका ठिकाणी (वर नाव घेतलं ते नव्हे, आणि याचं लिहीत नाही) आंबा-मिरची घातलेला ग्लास घेतला. ४५० रुपये. चव म्हणाल तर पन्ह्यात बाम कालवल्यासारखी. वेटरला विचारलं, आंबा खरा की सिरप? म्हणाला, विचारून सांगतो. बिल आलं, उत्तर आलं नाही.

आता कुणी म्हणेल, परवडत नसेल तर पिऊ नका. अहो, हे काय उत्तर झालं? हॉटेलात भाजी आंबली असेल तर आपण ताट परत पाठवतो. मग इथेच का गप्प बसायचं? इंग्रजी नाव बघून?

नाशिककरांना तर हे जास्त कळायला हवं. आपल्याकडची वाइन घ्या. लेबलवर द्राक्षाची जात असते, बहुतेकदा साल असतं, अल्कोहोल किती ते असतं. वायनरीत गेलात तर आधी चाखवतात. वाइन आवडो न आवडो, पैसे कशाचे दिले ते कळतं. बिअरवाल्यांकडून एवढंच मागायचं आहे. बोर्डावर चार गोष्टी लिहा: बनवल्याची तारीख, अल्कोहोलचं प्रमाण, फळ खरं की सिरप, आणि ग्लासात मिली किती. प्रयोग असेल तर मागेल त्याला दोन घोट फुकट चाखवा. पसंत पडला तर तो पैसे देईल. नाही पडला तर तोटा तुमचा, कारण प्रयोग तुमचा.

आणि ग्लासावर एक रेघ मारा. जर्मनीत ती रेघ कायद्याने सक्तीची आहे. बिअर रेघेपर्यंत, फेस तिच्या वर. फेस हवाच, त्याशिवाय मजा नाही. पण फेसाचे पैसे का द्यायचे? पेट्रोल भरताना आपण मीटरवर शून्य बघतो, किराणा घेताना काटा बघतो. मग चारशे रुपयांच्या ग्लासापुढे आपली मान खाली का जाते?

मापात पाप नको, एवढंच म्हणणं आहे. पुढच्या वेळी 'एक्सपेरिमेंटल' ऐकलंत की लाजू नका, आधी चव मागा. न विचारता पैसे मोजत राहिलो, तर डूलाली नक्की कोण, ते सांगायला नको.