आपल्या मालाची ओळ शोधा

परदेशाशी मुक्त व्यापाराचा करार झाल्याची बातमी आली की दोनच वाक्ये कानावर पडतात. आता आपल्या मालाला जगाची बाजारपेठ खुली झाली, हे एक. शेतकरी आणि कारागीर देशोधडीला लागणार, हे दुसरे. पारावर, दूध संस्थेच्या ओट्यावर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर याच दोन वाक्यांवरून माणसे हमरीतुमरीवर येतात, आणि कराराचा कागद मात्र कोणी उघडलेला नसतो. माझी कळकळीची विनंती आहे, बाजू घेण्याआधी तो कागद उघडा.

कराराच्या पोटात हजारो ओळींची एक यादी असते. जगभरात प्रत्येक मालाला कस्टमचा एक क्रमांक ठरलेला आहे. सोयाबीन १२०१, सोयातेल १५०७, कापूस ५२०१, ताजी द्राक्षे ०८०६१०. आजचा आयात कर किती, तो कोणत्या वर्षी कितीवर येणार, की तो माल सवलतीतून वगळला आहे, हे त्या क्रमांकासमोर लिहिलेले असते. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या करारात व्हिस्कीवरचा १५० टक्के कर आधी ७५ वर आणि दहाव्या वर्षी ४० वर आणायचे ठरले. दूध आणि सफरचंद बाहेर ठेवले गेले. आपल्या तयार कपड्यांवर ब्रिटन १२ टक्क्यांपर्यंत कर घेत होता, तो शून्य करायचे ठरले. बांगलादेशाचा कपडा तिथे आधीपासूनच करमुक्त जात होता, त्यामुळे आपल्या शिलाई कारखान्यांनी या कराराचे स्वागत केले तर ते अगदी रास्त आहे. आणि त्याच करारातल्या औषधांच्या पेटंटविषयीच्या कलमावर आजारी माणसांसाठी झगडणाऱ्यांनी हरकत घेतली, तीही तितकीच रास्त आहे. पेटंट असलेले औषध लोकांच्या आवाक्यात आणायचे तर कंपनीच्या राजीखुशीचा मार्ग श्रेयस्कर, असा सूर त्या कलमात आहे. २०१२ मध्ये आपल्या सरकारने एका कर्करोगाच्या औषधासाठी सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला ते बनवू दिले, तेव्हा महिन्याला पावणेतीन लाखांच्या पुढे असलेला खर्च ८,८०० रुपयांवर आला होता. एकाच करारात कोणाचे भले आणि कोणाचे नुकसान शेजारी शेजारी बसलेले असते. आपण कुठे आहोत ते शोधावे लागते.

तेलाचे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण लातूर, वाशीम, अकोल्याच्या घराघराशी त्याचा संबंध आहे. १९८६ मध्ये तेलबियांचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. मग १९९४ पासून पामोलीनची आयात खुली होत गेली. आज आपल्या कढईतले निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येते. आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी केलेला वस्तू व्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, मलेशियाशी वेगळा करार २०११ मध्ये. आता कागदावरची एक बारीक गोष्ट पाहा. २०१९ च्या सुरुवातीला कच्च्या पामतेलावर ४० टक्के कर होता, मलेशियाहून येणाऱ्या शुद्ध केलेल्या तेलावर करारामुळे ४५, आणि इतर ठिकाणच्या शुद्ध तेलावर ५०. कच्च्या आणि तयार मालात फक्त पाच टक्क्यांचा फरक उरला, तर कच्चा माल आणून इथे शुद्ध कोण करणार? मलेशियाचे तयार तेल धो धो येऊ लागले आणि आपल्या रिफायनऱ्या रिकाम्या बसू लागल्या. अखेर करारातल्याच संरक्षणाच्या कलमाचा आधार घेऊन सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने त्या तेलावर १८० दिवसांसाठी पाच टक्के जादा कर बसवला.

म्हणजे कर किती उतरला एवढेच पाहून भागत नाही. कच्च्या आणि पक्क्या मालातले अंतर किती राहिले, आणि आयात अचानक वाढली तर ब्रेक लावायचे कलम आहे का, हेही विचारायला हवे. तिसरा प्रश्न माल मुळात कुठला, याचा. नेपाळात पामची शेती नाही, तरी दक्षिण आशियाई देशांच्या सवलतीचा फायदा घेऊन तिथून शुद्ध पामतेल भारतात आलेले आहे. मूळ देशाचे नियम ढिले असले की ज्याच्याशी करारच नाही त्याचा मालही शेजाऱ्याच्या दारातून आत येतो.

पण एवढे सांगून थांबलो तर मी अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. सोयाबीनचा भाव पडला की करारांच्या नावाने बोटे मोडली जातात. एक क्विंटल सोयाबीन गाळले की साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड. भाव बराचसा त्या पेंडीवर ठरतो. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचा एकूण आयात कर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला, तरी त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले, कारण पेंडीला उठाव नव्हता. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये, सोयाबीन दहा हजारांच्या घरात असताना, कोंबडीखाद्यासाठी जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली गेली. पुढच्या काही आठवड्यांत भाव कोसळले. नवा माल बाजारात येत होता हे खरे, पण त्या परवानगीनेही बाजाराचा धीर सुटला. यात कुठलाही करार नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचा ११ टक्के आयात कर माफ झाला, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे ऐन वेचणीच्या काळात. तीही दिल्लीतून निघालेली अधिसूचना होती. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात रातोरात बंद केली, तेव्हा लासलगावच्या शेतकऱ्याला कुठल्या परदेशी सरकारने अडवले नव्हते.

माझे मत सरळ आहे. दहा वर्षांत कर कसा उतरणार हे लिहून दिलेला करार रातोरात निघणाऱ्या अधिसूचनेपेक्षा शेतकऱ्याला जास्त परवडतो, कारण कोणते पीक घ्यायचे, बाग ठेवायची की तोडायची, हे त्याला आधी ठरवता येते. मात्र त्या दहा वर्षांत दुसऱ्या पिकाची, साठवणीची, प्रक्रियेची सोय सरकारने केली नाही, तर ती तारीख म्हणजे निव्वळ फाशीची तारीख ठरते. म्हणून कर उतरण्याचे वेळापत्रक जिथे असेल तिथे मदतीचे वेळापत्रकही मागा.

निर्यातदार बागायतदारांनाही एक गोष्ट सांगायची आहे. कर शून्य झाला म्हणजे दार उघडले असे धरू नका. २०१० च्या हंगामात नाशिक-सांगलीच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले ते करामुळे नव्हे. घडांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूससह भारतीय आंब्यावर बंदी घातली ती फळमाशीमुळे. पुढच्या हंगामाआधी ती उठली, पण तो एक हंगाम हातचा गेला. तुम्ही ज्या देशात माल पाठवणार त्याच्या रेसिड्यूच्या मर्यादा, किडीचे नियम, प्रयोगशाळेचे दाखले यांवर बोलणी झाली आहेत का, हे विचारा. छोट्या बागायतदाराचा माल तिथेच अडतो.

आता विचारायचे कोणाला? आपल्याकडे परदेशाशी केलेल्या कराराला संसदेची मंजुरी लागत नाही. सही सरकार करते, आणि पूर्ण मसुदा लोकांपुढे येतो तो बहुधा सहीनंतर. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने असा करार पक्का करण्याआधी २१ कामकाजाचे दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो. युरोपीय संघात तिथल्या संसदेची संमती लागते. समोरच्या देशाच्या खासदारांना जो कागद आधी वाचायला मिळतो, तो आपल्या खासदारांनाही मिळाला पाहिजे, ही मागणी कोणत्याही पक्षाच्या माणसाने करावी अशी आहे. राज्यघटनेने शेती राज्यांकडे दिली आणि करार केंद्राकडे. म्हणून पिकावर बोलणी होत असतील तर राज्य सरकारने पीकवार सुनावणी घ्यावी आणि सवलतींची यादी मराठीत छापावी, हेही मागायला हवे.

मागून काय होते, असे म्हणू नका. १६ देशांच्या आरसेप करारात न्यूझीलंडची दूध पावडर येण्याची भीती होती. देशभरच्या दूध उत्पादकांनी आणि सहकारी संघांनी आपल्या मालाचे नाव घेऊन, लिटरचा हिशेब मांडून विरोध केला. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने त्या करारातून अंग काढून घेतले. इतरही कारणे होती, पण दुधाचे कारण ठळक होते, आणि त्यानंतर ब्रिटनच्या करारातही दूध बाहेरच राहिले.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याव्या लागतात. आपल्या सोसायटीच्या, दूध संस्थेच्या, शेतकरी उत्पादक कंपनीच्या विषयपत्रिकेवर यंदा हा एक विषय घ्या. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर झालेल्या करारांचे मसुदे आहेत. गावातल्या एखाद्या शिकत्या मुलीला किंवा मुलाला ते उघडायला बसवा. तुमच्या मालाचा क्रमांक, आजचा कर, उतरण्याची वर्षे, संरक्षणाचे कलम आणि तुमचा एकरी उत्पादन खर्च, एवढे एका पानावर लिहा. त्याखाली ठराव करा आणि तो तुमच्या खासदाराला, आमदाराला आणि वाणिज्य मंत्रालयाला स्पीड पोस्टाने पाठवा. पोचपावती जपून ठेवा आणि पुढच्या सभेत उत्तर आले की नाही ते वाचून दाखवा.