दुर्मीळतेचे स्तोम

वाङ्मयचर्चेच्या पानावर मोटारगाडीचे काय काम, असे ज्यांना वाटेल त्यांना रोलां बार्थ यांनी १९५७ सालच्या ‘मायथॉलॉजीज’मध्ये सित्रोएनच्या एका गाडीची तुलना गॉथिक कॅथीड्रलशी केली होती, एवढी आठवण देऊन आम्ही पुढे जातो. आमचे भांडण गाडीशी नाहीच. ते आहे एका वाचनपद्धतीशी. कृती बाजूला ठेवून तिच्या प्रती मोजायच्या, आणि प्रती थोड्या निघाल्या की कृती थोर ठरवायची, अशी ही पद्धत आहे. आपल्याकडे पहिल्या आवृत्त्यांभोवती घुटमळणाऱ्यांत ती दिसते. परंतु तिचे शुद्ध रूप पाहायचे असेल तर १९६९ सालच्या शेवरोलेट कॅमॅरो झेडएल-१ या गाडीविषयी जे भक्तिभावाने लिहिले जाते ते वाचावे.

झेडएल-१ ही वेगळी गाडी नव्हे. नेहमीच्या कॅमॅरोत कारखान्यातूनच बसवून मिणाऱ्या एका संचाचे ते नाव. संचाचा गाभा म्हणजे ४२७ घनइंचांचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचे, मुळात शर्यतीसाठी घडवलेले इंजिन. त्या वर्षी कॅमॅरो निघाल्या २,४३,०८५. त्यांपैकी हा संच घेऊन निघाल्या फक्त ६९. या ६९ भोवती सगळे स्तोत्र रचलेले आहे. सुजाण मोजक्यांसाठीच निर्मिलेली कलाकृती, असा त्याचा सूर असतो.

वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. इलिनॉय राज्यातील ला हार्प या लहानशा गावचे विक्रेते फ्रेड गिब यांनी यांतल्या ५० गाड्या एकरकमी मागवल्या, कारण नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या शर्यतीत गाडी उतरवायची तर किमान तेवढ्या तयार झालेल्या असणे नियमाने आवश्यक होते. म्हणजे आरंभी आकडा हवा होता तो ‘किमान’ म्हणून, ‘कमाल’ म्हणून नव्हे! गाड्या आल्या तेव्हा एकट्या संचाची किंमत ४,१६० डॉलर लागलेली होती. साधी आठ सिलिंडरांची कॅमॅरो तेव्हा २,७०० डॉलरच्या आसपास मिळे. सबंध गाडीहून तिच्यातला संच महाग. दोन्ही मिळून बेरीज ७,००० डॉलरांच्या जवळपास. गिऱ्हाईक फिरकेना. गिब यांनी बहुतेक गाड्या कंपनीला परत घ्यायला लावल्या आणि त्या इतर विक्रेत्यांकडे वाटल्या गेल्या. आज जिला दुर्मीळता म्हणून ओवाळले जाते ती त्या काळी न खपलेल्या मालाची नोंद होती. न खपलेले सगळे टाकाऊ असते असे आम्ही म्हणत नाही. इंजिन असामान्यच होते. पण ते असामान्य होते ते त्याच्या धातूमुळे आणि रचनेमुळे. ६९ ऐवजी ६९,००० निघाली असती तरी त्या गुणात तसूभर फरक पडला नसता.

या प्रकरणात साहित्याच्या विद्यार्थ्याने खरोखर थांबून वाचावे असे काही असेल तर तो मागणीचा अर्ज. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी कॅमॅरोसारख्या गाड्यांत ४०० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायला मनाई केली होती. शेवरोलेटमधील व्हिन्स पिगिन्स आदी मंडळींनी त्यातून वाट काढली ती ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’ या कचेरीतल्या अर्जाची. हा अर्ज मुळात टॅक्सीवाल्यांसाठी, पोलीसखात्यांसाठी, ठोक गिऱ्हाइकांच्या खास रंगासाठी. त्याच रुक्ष अर्जावर ९५६० हा क्रमांक पडला आणि निषिद्ध इंजिन कारखान्यात कायदेशीरपणे शिरले. एका लेखनप्रकाराची चौकट न मोडता तिच्या आतून भलतेच काही वदवून घेणे, याचे इतके नमुनेदार उदाहरण क्वचित सापडेल. शिवाय त्याच कागदपत्रांत इंजिनाची ताकद ४३० अश्वशक्ती लिहिली, प्रत्यक्षात ती ५०० च्या वर होती हे जाणकारांत सर्वमान्य आहे. कागद धडधडीत खोटे बोलत होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होते.

आणि आज भक्तांची श्रद्धा कशावर? कागदावर! शेवरोलेटच्या त्या काळच्या गाड्यांची गाडीगणिक दप्तरे पाँटिअकप्रमाणे उपलब्ध नाहीत. तेव्हा हमीपुस्तिकेतली धातूची पट्टी, जुनी पावती, इंजिनाच्या ठोकळ्यावर ठोकलेले गाडीच्या क्रमांकाचे अंक, यांवर ‘अस्सल’पणाचा निवाडा होतो. अंक जुळले तर अस्सल, न जुळले तर उतरती किंमत. पण ही गाडी निघाली होती पाव मैलाच्या शर्यतीसाठी. शर्यतीत इंजिने फुटतात, बदलली जातात. नवा ठोकळा सुट्या भागांच्या दुकानात मिळतही असे. जी गाडी ज्या कामासाठी जन्मली ते काम तिने मनापासून केले, तिचे अंक आज जुळत नाहीत. जी झाकून ठेवली गेली तिचे जुळतात. या न्यायाने ज्या पोथीची पाने वाचून वाचून झिजली ती खोटी, आणि जिचे बंध कधी सुटलेच नाहीत ती खरी ठरेल. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी तरी हा न्याय मुकाट्याने मान्य करू नये.

यावर एक आक्षेप रास्त आहे: साध्या कॅमॅरोत तसेच इंजिन बसवून ती झेडएल-१ म्हणून विकणारे असतात, मग शहानिशा नको काय? हवी. फसवणूक ती फसवणूकच, आणि पैसे मोजणाऱ्याला खरे कळले पाहिजे. परंतु प्रक्षिप्त ओवी ओळखणे वेगळे आणि काव्याचा आस्वाद वेगळा. ओवी ओळखण्याचे साधन हेच आस्वादाचे फळ मानले, की समीक्षकाचा कारकून होतो. (कारकुनांविषयी आम्हांला आदर आहे, वरच्या अर्जाची सारी करामत त्यांचीच.)

कंपनीने मात्र भक्तांची नाडी अचूक ओळखली. २०१२ साली तिने शर्यतीसाठीची कॅमॅरो त्याच जुन्या अर्जाच्या नावाने पुन्हा काढली आणि संख्या ठरवली ६९. पन्नासांची एक मागणी आणि तुरळक इतर मागण्या मिळून योगायोगाने झालेली बेरीज आता आधीच आखलेली मर्यादा झाली. अपयशाचा आकडा जाहिरातीचा आकडा झाला. त्याच वर्षी झेडएल-१ हे नाव रस्त्यावरच्या कॅमॅरोलाही मिळाले आणि ते अंगावर ठळक मिरवत त्या गाड्या हजारोंनी विकल्या गेल्या. १९६९ च्या गाडीला पोलादी चाके, साध्या टोप्या, आणि आतल्या इंजिनाची ओळख सांगणारे एकही अक्षर बाहेर नव्हते.