मुलांच्या वाटेवर आपण किती चालणार?



मुलगी बारावी पास होते, चांगल्या कॉलेजात नंबर लागतो, वसतिगृहात राहायचे ठरते आणि घरात आनंदाबरोबर धास्तीही शिरते. परगावी तिच्याकडे कोण बघेल? रात्री-अपरात्री गाडी चुकली तर? आडनाव विचारून कोणी टोमणा मारला तर? मग घरातले कोणी वडीलधारे म्हणते, "नको लांब पाठवायला. इथंच काय ते शिकू दे." बोलण्यात माया असते. पण त्या मायेपायी एका पोरीचे शिक्षण थांबते.

काळजी खोटी नाही. फक्त तिचे दोन भाग पाडता आले पाहिजेत.

पहिला भाग आपल्या हातातला. तिथे हयगय नको. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांतून गोवरची साथ आली आणि लहान मुले दगावली. गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या आत. एक दिवसाची रोजी बुडाली तरी हा डोस चुकवू नये. मुलाला अंगावरचा चांगला-वाईट स्पर्श समजावून सांगावा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर त्याच्याकडून पाठ करून घ्यावा. पाण्याचा पिंप, स्टोव्ह, उघडी वायर यांवर नजर ठेवावी. एवढे आपण करू शकतो आणि केलेच पाहिजे.

दुसरा भाग आपल्या हाताबाहेरचा. तो मान्य करणे फार जड जाते. सगळे करूनही मूल आजारी पडते, पडते-झडते, फसवले जाते, अपमान सोसून घरी येते. अशा वेळी शेजारीपाजारी चटकन बोलतात, "आईचं लक्ष नव्हतं." आई ते मनाला लावून घेते आणि आयुष्यभर स्वतःलाच दोष देत राहते.

त्या आईने माता रमाईंकडे पाहावे. बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव जगले. गंगाधर, रमेश, इंदू गेली आणि १९२६ साली राजरत्नही गेला. त्या घरात मायेला तोटा होता काय? लक्ष नव्हते काय? आज मिळतात तशा लसी आणि औषधे त्या काळी नव्हती, आणि घरात गरिबी होती. मूल गमावलेल्या प्रत्येक आईला आपण दोषी ठरवू लागलो तर रमाईंनाही दोषी ठरवावे लागेल. ते आपल्याला मान्य आहे का?

आणखी एक बाप आठवावा. शुद्धोदनाने मुलाला दुःख दिसू नये म्हणून महालात जपले, म्हातारा, आजारी आणि प्रेत दिसताच सिद्धार्थ घर सोडून गेला, ही कथा आपण ऐकत आलो. 'दि बुद्धा अँड हिज धम्मा' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या कथेलाच प्रश्न केला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर आजार आणि मरण पाहिलेच नव्हते, हे कसे पटावे? ग्रंथात त्यांनी वेगळी हकीकत दिली आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यापायी देशत्याग पत्करला. म्हणजे जग न दिसलेला नव्हे, जग पाहून स्वतः निर्णय घेणारा तो तरुण होता. बापाचा जीव तुटला, पण वाट मुलाचीच होती.

मग आईबापाने हातावर हात ठेवून बसावे का? नाही. एक मोठे काम उरतेच. मुलाला घरी येऊन सांगता आले पाहिजे. गाडीत कोणी त्रास दिला तर मुलगी गप्प का बसते? "सांगितलं तर कॉलेज बंद करतील," ही भीती तिला असते. पोराला वर्गात जातीवरून बोलले जाते, तो घरी सांगत नाही, कारण बाप एक तर त्यालाच ओरडेल नाही तर भांडायला धावेल. जपण्याच्या नादात आपणच त्यांचे तोंड बंद करतो. मग जे नुकसान वेळीच थांबले असते ते वाढत जाते.

म्हणून मुलगी पेटी भरत असेल तेव्हा दहा सूचना देण्यापेक्षा एकच शब्द द्या, "काही झालं तर आधी आम्हाला सांग. तुझं शिक्षण बंद होणार नाही." आणि ती सांगेल त्या दिवशी आधी पूर्ण ऐकून घ्या, मग तिला विचारा, "आता काय करायचं?" तक्रार करायची असेल तर तिच्याबरोबर जा. दिलेला शब्द मोडू नका. तो एकदा मोडला तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.