घर नवे, थकबाकी जुनी
ब्रिटनमधील प्रीपेड मीटरचा धडा

लिस्टर किंवा बर्मिंगहॅममध्ये भाड्याच्या घरात नुकताच राहायला आलेला विद्यार्थी विजेच्या मीटरची प्लास्टिकची किल्ली घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. वीस पौंड भरून ती मीटरमध्ये घालतो, तर पडद्यावर शिल्लक दिसते बारा पौंडांची. घरात एकही दिवा लागण्यापूर्वी आठ पौंड गेले कुठे? दरवर्षी शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी ब्रिटनला जाणाऱ्या मराठी तरुणांपैकी अनेकांवर हा प्रश्न विचारण्याची वेळ येऊ शकते. त्याचे उत्तर बहुधा आधीच्या भाडेकरूच्या हिशेबात दडलेले असते.

ब्रिटनमध्ये सुमारे ४० लाख घरांत विजेची प्रीपेड मीटर आहेत. विजेसाठी किल्ली, गॅससाठी कार्ड आणि नव्या स्मार्ट मीटरसाठी मोबाइल किंवा दुकानातून भरणा, अशी ही पद्धत आहे. या मीटरमधून केवळ वापरलेल्या विजेचे पैसे कापले जात नाहीत. आधीच्या रहिवाशाने उचललेली 'आपत्कालीन उधारी', घर रिकामे असतानाही दररोज चढत गेलेला स्थिर आकार आणि जुन्या थकबाकीचा ठरवून दिलेला साप्ताहिक हप्ता, हे सारे नव्या भरण्यातून वळते होऊ शकते. घरातील माणूस बदलला, हे मीटरला कळत नाही; ते पुरवठादार कंपनीला कळवावे लागते.

कायदा नव्या भाडेकरूच्या बाजूने

कायद्याची बाजू मात्र स्पष्ट आहे. नवा रहिवासी घराचा ताबा घेतो त्या दिवसापासून विद्यमान पुरवठादाराशी त्याचा 'मानीव करार' सुरू होतो. त्यापूर्वीची थकबाकी ज्याची त्याची. ती घरासोबत हस्तांतरित होत नाही. मधल्या रिकाम्या काळातील आकाराची जबाबदारी सामान्यतः घरमालकावर येते. पण हक्क कागदावर असणे आणि तो मीटरमध्ये उतरणे यांत अंतर आहे, आणि नवखा माणूस नेमका तेथेच अडकतो.

हे अंतर कमी करण्यासाठी पहिला दिवस महत्त्वाचा ठरतो. मीटरवरील आकडा, शिल्लक आणि दिसत असल्यास थकबाकीची रक्कम यांचे छायाचित्र काढून ठेवणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी पुरवठादार शोधण्याची. विजेचा पुरवठादार ठाऊक नसल्यास त्या भागाच्या वितरण जाळ्याची कंपनी तो सांगते; गॅससाठी स्वतंत्र शोधसेवा आहे. तिसरी पायरी, भाडेकराराची तारीख देऊन आपल्या नावाचे खाते उघडणे, मीटरवरील जुनी बाकी शून्य करून घेणे आणि नवी किल्ली किंवा कार्ड मागणे.

तोवर जुनी किल्ली वापरू नये, असाच तेथील ग्राहक सल्लागारांचा आग्रह असतो. त्या किल्लीवर आधीच्या माणसाचे कर्ज असू शकते. शिवाय मध्यंतरी पुरवठादार बदलला असेल, तर भरलेले पैसे भलत्याच कंपनीकडे जाऊन पडण्याची शक्यता असते. जुनी किल्ली वापरून पैसे गेलेच, तर पावत्या जपून ठेवून परतावा मागता येतो. आधीच्या भाडेकरूच्या नावाने येणारी वसुलीची पत्रे टोपलीत टाकण्यापेक्षा, 'ही व्यक्ती येथे राहत नाही' असे कंपनीला लेखी कळवणे श्रेयस्कर.

बिल स्वतः भरणाऱ्या भाडेकरूला पुरवठादार बदलण्याचा हक्क आहे. प्रीपेडऐवजी साधे मीटरही मागता येते. मात्र त्यासाठी कंपनी आर्थिक पत तपासते आणि परदेशातून नुकत्याच आलेल्या माणसाची तेथे पतच नोंदलेली नसते. परिणामी ज्याला व्यवस्थेची माहिती सर्वांत कमी, त्याच्याच वाट्याला हे मीटर अधिक काळ राहते.

कंपनी दाद देत नसेल, तर तक्रार नोंदवल्यापासून आठ आठवड्यांनी, किंवा कंपनीने हात वर केल्याचे लेखी दिल्यास त्याआधीही, ऊर्जा लोकपालाकडे जाता येते. ग्राहकाला ही सेवा विनामूल्य आहे. ग्राहकाने निर्णय स्वीकारला, की तो कंपनीवर बंधनकारक होतो.

सक्तीचा काळा अध्याय

ही व्यवस्था किती निष्ठुर होऊ शकते, याचा प्रत्यय २०२३ साली आला. ऊर्जेचे दर भडकलेले असताना न्यायालयीन वॉरंट घेऊन थकबाकीदारांच्या घरांत शिरून प्रीपेड मीटर बसवले जात होते. वसुली एजंट असुरक्षित कुटुंबांच्या घरांतही अशा प्रकारे घुसत असल्याचे 'द टाइम्स'ने त्या वर्षी फेब्रुवारीत उघड केले. त्यानंतर सक्तीची कारवाई थांबवण्यात आली. 'ऑफजेम' या नियामकाचे नवे नियम ८ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाले. सक्तीने मीटर बसवण्यापूर्वी ग्राहकाशी किमान दहा वेळा संपर्काचा प्रयत्न आणि घरी भेट आवश्यक ठरली. दोन वर्षांखालील मूल असलेली घरे आणि आधार नसलेले ७५ वर्षांवरील वृद्ध यांना त्यातून वगळण्यात आले. प्रीपेड ग्राहकांना मोजावा लागणारा जादा आकारही २०२३ ते २०२४ दरम्यान टप्प्याटप्प्याने दूर झाला. गरिबाने आगाऊ पैसे द्यावेत आणि तेही अधिक दराने, ही विसंगती मान्य व्हायला इतकी वर्षे लागली.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

भारतात २०२१ च्या केंद्रीय योजनेत २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. महाराष्ट्रात विरोध झाल्यानंतर, सर्वसामान्य ग्राहकांकडे अशी मीटर बसवणार नसल्याची घोषणा राज्य सरकारने जून २०२४ मध्ये केली. मात्र घर बदलणाऱ्याच्या दृष्टीने येथील कायदा ब्रिटनपेक्षा कठोर आहे. आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागण्याची तरतूद नियमांत असेल तर ती वैध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी केरळ राज्य विद्युत मंडळाशी संबंधित खटल्यात स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या २००५ च्या वीजपुरवठा संहितेत थकबाकीचा बोजा जागेवरच ठेवण्यात आला होता; वारस नसलेल्या नव्या धारकापुरती त्याला सहा महिन्यांच्या थकीत रकमेची मर्यादा होती.

म्हणजेच ब्रिटनमध्ये जो अन्याय मीटरच्या चुकीमुळे होतो, तो येथे नियमानेच होऊ शकतो. उद्या प्रीपेड मीटर पुन्हा चर्चेत आले, तर ते विजेची बचत करते की नाही, एवढ्यावर वाद थांबू नये. घराचा ताबा बदलताच मीटरचा हिशेब कोण शून्य करणार आणि कापलेले पैसे किती दिवसांत परत मिळणार, हे मीटर भिंतीवर लागण्यापूर्वीच ठरले पाहिजे. तोवर मुंबई-पुण्यात घर घेणाऱ्याने आणि भाड्याने राहायला जाणाऱ्यानेही किल्ल्या हाती घेण्याआधी शेवटचे भरलेले वीजबिल मागून घ्यावे, हेच शहाणपणाचे.