जाळीआडचं नाटक

तेरेझा मार्टिन १८८८ साली, पंधराव्या वर्षी, फ्रान्समधल्या लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली. एकदा आत गेलं की पुन्हा बाहेर नाही. माहेरची माणसं भेटायची तीही जाळीआडून. दिवसभर मौन. जेवणानंतर घडीभर गप्पांची मुभा, पण हातातलं शिवणकाम तेव्हाही चालूच!

मग तिथे सण कसला, असं वाटेल. तर चक्क नाटक! मठप्रमुख होती तेरेझाचीच सख्खी मोठी बहीण. तिच्या नामदिनी, २१ जानेवारी १८९५ ला, तेरेझाने लिहिलेलं जोन ऑफ आर्कचं नाटक झालं. जोनही तीच. प्रेक्षक मठातल्याच भगिनी. चितेच्या प्रसंगासाठी स्पिरिटचे दिवे लावले होते, त्यांनी आडोशाने खरंच पेट घेतला. धावपळ उडाली. ‘हलू नकोस’ म्हटल्यावर तेरेझा मात्र जागची हलली नाही.

पुढे १८९७ मध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी, ती क्षयाने गेली. त्या वेषातले तिचे फोटो मात्र आजही आहेत. मठात आलेल्या दुसऱ्या बहिणीने, सेलीनने, येताना कॅमेराच आणला होता ना! एका फोटोत जोन बेड्यांत बसली आहे आणि तिला धीर द्यायला शेजारी संत कॅथरीन झालेली सेलीन.